रविवारचा धडाका कोणाचा

हसू नका, पण शेजारचा क्लेम नोआक हातभट्टी लावतो अशी माझी पक्की खात्री होती.

त्यात माझं तरी काय चुकलं? आमच्या इथं ऑस्ट्रेलियात नदीकाठी जो तो द्राक्षं लावणार, आणि द्राक्षं लावणारा प्रत्येक ग्रीक बाप्या मागच्या शेडमध्ये गुपचूप भट्टी लावणार. माझ्या बाबांची होती. सासऱ्यांच्या तर दोन होत्या, एक पोलिसांना सापडायची आणि एक खरी. लग्न होऊन थानासीबरोबर या घरात आले, कुंपणावरून सहज डोकावले, तर शेजारच्या शेडमध्ये काचेच्या बरण्या, बरण्यांतून निघालेल्या नळ्या, नळ्यांतून बुडबुडे, आणि त्यांच्यापुढे एक उंच, वाळका, लाल मानेचा माणूस गुडघे टेकून असा बसलाय, जसं काही तिथं देवच प्रकट होणार आहे. म्हटलं, चला, जर्मन माणूसही लागला आपल्या मार्गाला!

मी तिळाची बिस्किटं केली, ताट झाकलं आणि वर मुद्दाम एक रिकामी बाटली आडवी ठेवली. समजणाऱ्याला इशारा पुरे. क्लेमनं बिस्किटं घेतली, बाटलीकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं, आत गेला आणि बाटली भरून घेऊन आला.

"जपून वापर," म्हणाला, "एकदम शुद्ध आहे."

एप्रनखाली लपवून घरी आणली. थानासीनं पेलाभर घेतली, डोळे मिटले, आणि बऱ्याच वेळानं म्हणाला, "ही हळूहळू चढते." दुसऱ्या पेल्याला तर गाणंसुद्धा म्हणाला. मग मीच एकदा क्लेमला कुंपणापाशी गाठून विचारलं, अजून मिळेल का म्हणून. तो म्हणाला, "हवं तेवढं ने. गाडीच्या बॅटरीत घाल. इस्त्रीतही चालतं."

थानासी गेला तेव्हा दफनभूमीतून परत येताना क्लेम माझ्या कानात म्हणाला होता, "व्हूला, पाणी पिऊन गाणारा माणूस मी दुसरा बघितला नाही." तेवढं एकच वाक्य बोलला तो त्या दिवशी. पण त्या वाक्यावर मी आठवडा काढला.

तर तो दारू काढत नव्हता. तो पाण्यातून हायड्रोजन काढत होता. सोडा टाकलेलं पाणी, त्यात स्टीलच्या पट्ट्या, त्याला बॅटरी, आणि वर जे बुडबुडे येतात ते नळीतून पुढं न्यायचे. पुढं न्यायचे म्हणजे कुठं, हे कळायला मला फार वर्षं लागली. मधल्या काळात ते कुठं जातात हे फक्त कानांना कळायचं.

क्लेम नदीवरच्या पंपघरात नोकरीला होता. तरुणपणी लागला आणि म्हातारा होईपर्यंत तिथंच. नदी खाली, मळे वर. नदीचं पाणी पंपानं उचलून कालव्यात टाकायचं, कालव्यातून मळ्यांत. पंप थांबला की आख्खं गाव वाळणार, म्हणून क्लेमचे कान कायम पंपाकडे. त्याची बायको एल्सा सांगायची, "जेवताना मी बोलत असते आणि हा मान हलवत असतो. मला वाटतं माझं ऐकतोय. हा ऐकत असतो दोन नंबरचा पंप." मग पंपघरात नवी यंत्रं आली, शहरात बसून कोणीतरी बटण दाबायला लागलं, आणि क्लेमला भिंतीवरचं घड्याळ देऊन घरी पाठवलं. ते घड्याळ त्यानं शेडमध्ये लावलं. पहिल्या धडाक्यात फुटलं. मला नाही वाटत त्याला वाईट वाटलं.

त्याच्या डोक्यात घुसलेली गोष्ट साधी होती. पाणी वर चढवायला डिझेल जाळायचं. आणि पाण्याच्या पोटातच एक जळणारी वस्तू भरून ठेवलेली. मग पाण्यानं स्वतःच स्वतःला का उचलू नये? हे त्यानं मला सांगितलं तेव्हा मी म्हटलं, "म्हणजे स्वतःच्या बुटाला धरून स्वतःलाच उचलायचं म्हण ना." तो म्हणाला, "हो, तसंच आहे. जमत नाही. हिशोबात तोटाच येतो." मी म्हटलं, मग करतोस कशाला? तर खांदे उडवले. पुढं छपरांवर सूर्याच्या विजेचे पॅनेल आले, तेव्हा म्हणाला, आता हिशोब बदलला, वीज ऊन देतंय. पंपघरानं भंगारात काढलेलं एक जुनं एका दट्ट्याचं इंजिन त्यानं उचलून आणलं होतं. ते या हायड्रोजनवर चालावं आणि घरामागची टाकी एकदा, एकदाच भरावी. बस. इतकीच त्याची मागणी. माणसं याहून मोठ्या मागण्या घेऊन चर्चला जातात आणि त्यांच्या भुवया तरी शाबूत राहतात.

भुवयांवरून आठवलं. पहिला धडाका झाला तेव्हा एल्सा होती. शेडची खिडकी फुटली, बरणीचा चुरा झाला, माझ्या कोंबड्यांनी महिनाभर अंडी घातली नाहीत. एल्सा स्वयंपाकघराच्या दारात आली, धूर खाली बसेपर्यंत थांबली आणि ओरडली, "क्लेम, जेवायला ये! आणि भुवया घेऊन ये!"

एल्सा गेल्यावर जेवायला हाक मारायला कोणी राहिलं नाही. तो शेडमध्ये जास्तच बसायला लागला. मला वाटायचं, आनंदानं बसत असेल. जवळून बघितलं की कळायचं, आनंद वगैरे काही नाही. रोज कामावर गेलेल्या माणसाला रोज कुठंतरी जावंच लागतं, म्हणून तो जायचा. खांदे पाडून जायचा, खांदे पाडून यायचा.

आणि तसं बघायला गेलं तर आख्खं गावच खांदे पाडून बसलंय. दुष्काळाच्या वर्षांत कितीतरी जणांनी वेली मुळासकट उपटून टाकल्या. मुख्य रस्त्यावरची दुकानं एकेक करून बंद झाली, आता पाव आणायलासुद्धा गाडी काढावी लागते. उन्हाळा सुरू झाला की संपतच नाही. बाहेर पडावं तर चटके, घरात बसावं तर पंख्याची कुरकुर. वणव्याच्या भीतीनं सरकार आगबंदी लावतं, त्या दिवशी अंगणातल्या चुलीवर साधे सॉसेजसुद्धा भाजता येत नाहीत. त्या दिवशी क्लेमही बरणीला हात लावत नसे, एवढं मात्र मी शपथेवर सांगेन.

मग दुसरा धडाका झाला. तो मोठा. वायू शेडच्या छताखाली साठून राहिला होता, कुठल्याशा तारेतून ठिणगी पडली आणि छताचा एक पत्रा उडून सरळ माझ्या वाळत घातलेल्या चादरींवर येऊन बसला. क्लेम नशिबानं टाकीचा नळ बंद करायला बाहेर गेला होता. बंब आला. बंब म्हणजे आमचीच माणसं, पगाराविना. कप्तान रॉस, जो एरवी खाटीक आहे, तो रक्तानं माखलेला एप्रन घालूनच आला होता, त्यामुळे गल्लीतल्या म्हाताऱ्या किंचाळायला लागल्या.

रॉसनं सगळं बघितलं आणि म्हणाला, "क्लेमकाका, तुझा वैरी हे छत आहे. हा वायू हलका. उघड्यावर असला तर वर निघून जाईल, तुझं नावही घेणार नाही. छत असलं की तिथं जमून बसतो. करायचंच असेल तर आभाळाखाली कर. आणि थोडं थोडं कर. नाहीतर करूच नको."

क्लेमनं मान हलवली. मला वाटलं, पंप ऐकतोय.

त्याची मुलगी रोझलिन शहरात, ॲडलेडला असते, हॉस्पिटलात नर्स आहे. ड्यूटी संपवून तशीच गाडी चालवत आली. आली तेव्हा तिचे डोळे असे झाले होते की मी आधी तिला कॉफी दिली आणि मग बाप दाखवला. तिनं आरडाओरडा केला नाही. आरडाओरडा करायलाही त्राण लागतं. तिनं फक्त अट घातली.

"बाबा, अजून एक धडाका झाला ना, की हे घर विकायचं. माझ्या घराजवळ म्हाताऱ्यांसाठी घरं आहेत, एक स्वयंपाकघर, एक खोली. तिथं यायचं. कबूल?"

"कबूल," क्लेम म्हणाला.

"व्हूला मावशी, तू साक्षीदार. आणि कान तुझे. आवाज आला की मला फोन."

झाले मी हेर. या वयात.

आता यातली गंमत बघा. द्राक्षं पिकायला लागली की आमच्याकडे पाखरं हाकायला मळ्यामळ्यात गॅसच्या तोफा लावतात. गोळा नाही, काही नाही, नुसता आवाज. सकाळी उजाडलं की सुरू, सूर्य बुडेपर्यंत. इकडे एक धाड, तिकडे एक धाड. बाहेरचा माणूस आला तर त्याला वाटेल लढाई लागलीय. आम्ही त्यात झोपतो, लग्नं लावतो, परीक्षांचा अभ्यास करतो. आणि आमच्यातल्या बायांना तोफ अन् तोफ ओळखू येते. मागच्या मळ्यातली दोनदा वाजते, मधे दम खाते. कालव्यापलीकडची बसक्या आवाजाची, सर्दी झालेल्या माणसासारखी.

त्या गुरुवारी दुपारी मी भाजीचं सारण भरायच्या पाईसाठी पीठ मळत होते. मागची वाजली, धाड, धाड. कालव्याकडची वाजली. आणि मग एक वाजली ती कोणाचीच नव्हती. आखूड, कोरडी, जवळची.

तशीच पिठाच्या हातांनी कुंपणाच्या फटीतून गेले. क्लेम उलट्या बादलीवर बसला होता. टोपी दूर पडलेली.

"तोफ होती," तो म्हणाला. मी अजून तोंडही उघडलं नव्हतं.

"हो का? आणि जाताना तुझी भुवई घेऊन गेली वाटतं?"

त्यानं कपाळाला हात लावला. "आहेत की."

"डावी आहे. उजवी गेली."

"उजवी आधीपासूनच विरळ होती."

"क्लेम, तोफांच्या आवाजात आपला आवाज लपवायचा, हे सुचलं कसं रे तुला? आयुष्यभर दहा पंपांतला एक बिघडलेला पंप ओळखत आलास आणि तुला वाटलं मला ओळखू येणार नाही?"

"मला वाटलं तू सारणाची तयारी करत असशील. तेव्हा तू रेडिओ लावतेस."

"चाललं का पण ते इंजिन?"

"चाललं."

"किती?"

"चार-पाच ठोके. मग ज्योत उलटी मागं आली."

"त्याला चालणं म्हणत नाहीत. त्याला शिंकणं म्हणतात."

एरवी यावर त्यानं मला नक्की काहीतरी सुनावलं असतं. या वेळी नाही. टोपी उचलायलाही उठला नाही. म्हणाला, "थकलो गं, व्हूला. सकाळी उठतो, नळ्या जोडतो. कुठंतरी गळतं. ते बुजवलं की दुसरीकडे गळतं. पूर्वी चिडायचो, शिव्या द्यायचो. आता चीडही येत नाही. गळतं, बुजवतो. गळतं, बुजवतो. रोझलिन म्हणते ये, तर वाटतं, जावं. तिथं एक खुर्ची असेलच. त्या खुर्चीवर बसावं."

माझ्या तोंडाशी एक छान टोमणा आला होता. तो गिळला.

"मग जा," मी म्हटलं.

"जाईन."

"जा ना."

"जाईन म्हटलं ना!"

"पण भुवई उगवेपर्यंत थांब. तिथल्या बाया घाबरतील."

आता कुठं त्याच्या ओठाचा एक कोपरा हलला. "रोझलिनला फोन करणार आहेस?"

"माझे हात पिठाचे आहेत," मी म्हटलं आणि घरी आले. ते खरंच होतं. नंतर हात धुतले, पण नंतर पाई होती, पाईनंतर भांडी होती, आणि भांडी झाल्यावर मी इतकी दमले होते की फोन उचलवेना. काय सांगायचं त्या पोरीला? ये, पुन्हा इतकं अंतर तुडव, आणि बापाला खुर्चीवर नेऊन बसव? आणि कुंपणापलीकडे एजंटची पाटी लागली की मी रोज उठून टोमणे कोणाला मारायचे, पाटीला?

रोझलिन तशीही रविवारी जेवायला येणार होती. जेवण माझ्याकडे.

आता रविवारचं एक सांगायला हवं. रविवारी दुपारची जेवणं होईपर्यंत आमच्याकडे तोफा वाजत नाहीत. हे कुठं लिहिलेलं नाही. फार पूर्वी इथल्या पाद्रीबुवांनी तक्रार केली होती की मी 'आमेन' म्हणतो आणि लगेच पाठीमागं तोफ उडते, लोक हसतात. तेव्हापासून ल्युथरन, ग्रीक, देव न मानणारे, सगळे तोफा बंद ठेवतात. पाखरांनाही ते माहीत झालंय. रविवारी सकाळी ती सहकुटुंब येतात.

त्या रविवारी मी चर्चमधून आले, तर क्लेमच्या दारात रोझलिनची गाडी, गाडीचं दार उघडं, आणि ती एक हात दारावर ठेवून उभी. क्लेम पायरीवर. दोघांची हनुवटी सारखीच पुढं आलेली.

"बरं झालं आलीस, मावशी. विचार बाबाला. मी गाडीतून उतरतेय, पाय जमिनीला टेकतोय, आणि शेडमधून धाड!"

"तोफ होती," क्लेम म्हणाला.

"रविवारी सकाळी? बाबा, मी याच घरात जन्मले. रविवारी सकाळी इथं तोफ वाजत नाही हे मला नवीन आहे का? दुसऱ्या कुणाला सांग."

"कालव्याकडचा मळा नव्या माणसानं घेतलाय. बाहेरचा आहे. तो लावतो रविवारी."

"त्याला कुणी सांगितलं नाही?"

"मी स्वतः सांगून आलो. म्हणतो, पाखरं कुठं रविवार पाळतात."

"छान. छान रचलंयस." रोझलिननं फोन काढला. "मी एजंटशी बोलून ठेवलंय. उद्या येऊन घर बघून जाईल म्हणाला. मावशी, तू ऐकलास ना आवाज?"

मी चर्चमध्ये होते. आमचे पाद्री गायला लागले की त्यांच्यापुढं रणगाडाही ऐकू येत नाही. मी काय साक्ष देणार?

आणि मग त्या शहाण्या माणसानं तोंड उघडलं.

"गुरुवारचा माझा होता," क्लेम म्हणाला.

मी मनात म्हटलं, देवा, या माणसाला लहानपणी कुणी खोटं बोलायला शिकवलं नाही का रे?

"काय?" रोझलिन म्हणाली.

"गुरुवारी एक झाला. तोफांमध्ये मिसळून जाईल म्हणून केला. तेवढी लबाडी झाली माझ्याकडून. त्याबद्दल घर विकायचं तर विक. मी येतो तुझ्याबरोबर. भांडणार नाही. पण आजचा माझा नाही. आजचा मागं घे."

रोझलिन गाडीच्या सीटवर तिरकी बसली, पाय बाहेर. तिला हसू येत होतं की रडू, तिलाच ठरवता येत नव्हतं. "बाबा, राहतं घर चाललंय आणि तू एका आवाजावरून भांडतोयस?"

"घर जाऊ दे. आजचा माझा नाही."

"शेडच्या बाजूनंच आला! मला कान आहेत."

"मळेवाले द्राक्षं पेट्यांत भरतात त्या शेडच्या पत्र्यावर आपटून इकडं येतो. गाडीपाशी उभं राहिलं की माझ्या शेडमधून आल्यासारखाच वाटतो. थांब इथं. पुन्हा वाजेल."

"ठीक आहे. थांबते. वाजू दे."

थांबलो. मी खुर्च्या आणल्या, ऑलिव्ह आणि पाव आणला. घरात ओव्हनमध्ये मटण वाळत होतं, लिंबू घातलेले बटाटे करपायच्या बेतात होते, आणि आम्ही तिघं उन्हात गाडीच्या तेवढ्याशा सावलीत पाय आखडून तोफेची वाट बघत बसलो. पाखरांनी तोफेची इतकी वाट कधी बघितली नसेल.

तोफ काही वाजेना.

"स्वभाव आहे तिचा," क्लेम म्हणाला. "पाखरांना सवय लागू नये म्हणून कधी लवकर, कधी उशिरा वाजते."

"हो ना," रोझलिन म्हणाली आणि उठली. "मी शेड बघून येते. तुझा असेल तर वास येत असेल अजून."

ती गेली ती बराच वेळ आलीच नाही. मी क्लेमला म्हटलं, "गुरुवारचं सांगायची काय गरज होती?"

"तिनं विचारलं असतं तर?"

"तिनं विचारलंच नव्हतं!"

"म्हणूनच आधी सांगितलं."

रोझलिन परत आली. हळूच खुर्चीवर बसली. "शेड रिकामी आहे. छताचा पत्रा परत बसवलाच नाहीस. टेबल, बरण्या, सगळं मागं उघड्यावर. वाळूची पोती रचलीत. बटण टाकीच्या मागं, लांब वायर लावून. आणि बरणी..." तिनं बोटांनी माप दाखवलं, तान्ह्या मुलांच्या मऊ खाण्याची बाटली असते तेवढं. "हे कधी केलंस?"

"रॉसनं सांगितलं तेव्हाच."

"मला का नाही सांगितलंस?"

"तू आवाजाची अट घातलीस. छताचं काही विचारलं नाहीस."

"आणि भुवई?"

"ती वाकून बघायला गेलो म्हणून. आता नाही वाकत."

ती माझ्याकडे वळली, पण बोलली ती त्यालाच. "मावशी, कामावर फोन वाजला ना, की माझे हात गार पडतात. मी पेशंटला इंजेक्शन देत असते आणि मनात येतं, झालं, हा रॉसचा फोन. धडाका झाला तर झाला गं. पण नंतर तो उठून उभा राहिला, एवढं कुणीतरी सांगायला नको? तू तरी केलास का गुरुवारी फोन?"

"हात पिठाचे होते," मी म्हटलं.

"मी येतो म्हटलं ना," क्लेम म्हणाला. त्याचा आवाज अगदी खाली गेला होता. "खरंच येतो. दमलोय मीही. फक्त तिथं एक अडचण आहे. तिथं भांडायला कोण आहे मला?"

"मी आहे ना."

"तू सारखी कामावर."

ऊन सरकलं, सावली आणखी आखडली. शेवटी रोझलिन उठली, गाडीपाशी जाऊन उभी राहिली. "तोफ नाही नि काही नाही, बाबा. पुरे आता. मी एजंटला सांगते उद्याचं." नंबर लावला, फोन कानाला लावला.

"हॅलो," ती म्हणाली, "मी रोझलिन बोल..."

धाड!

शेडच्या बाजूनं. अगदी शेडमधूनच. माझ्या हातातलं ऑलिव्ह उडालं.

रोझलिन किंचाळली, "बाबा!" आणि फोन हातात तसाच घेऊन शेडकडे धावत सुटली. बाप तिच्या मागं खुर्चीत पावाचा घास चावत बसलेला, हे त्या क्षणी तिच्या ध्यानीही नव्हतं.

"मी इथं आहे," क्लेम म्हणाला.

ती थांबली. वळली. त्याच्याकडे बघत राहिली. त्यानं घास गिळला आणि पुन्हा म्हणाला, हळू आवाजात, "मी इथं आहे, रोझी."

फोनमधून एजंट हॅलो हॅलो करत होता. रोझलिननं तो कानाला लावला, हाताच्या पाठीनं नाक पुसलं. "नाही, काही झालं नाही. उद्या नका येऊ. नाही, विकायचं नाही सध्या. तोडणी होऊ दे, मग बघू. नाही, पुढच्या वर्षीच्या तोडणीनंतर म्हणतेय मी." फोन बंद करून तिनं गाडीचं दार आपटलं. "ऐक. जे काही करायचं ते उघड्यावर. बरणी तेवढीच, याहून मोठी नाही. आणि प्रत्येक धडाक्यानंतर तू स्वतः मला फोन करायचा. मावशीच्या हाताला कायम पीठ असतं."

"कबूल," क्लेम म्हणाला. "आणि आजचा?"

"आजचा काय?"

"आजचा कोणाचा?"

"बाबा, जेवायला चल. मटण वाळलं असेल."

"वाळू दे. कोणाचा?"

मीही म्हटलं, "अरे, घर राहिलं ना तुझं? आता तरी सोड!" पण तो खुर्चीतून हलेना. दोन्ही हात गुडघ्यांवर ठेवून, एका भुवईनं, मुलीकडे बघत बसला.

"तोफेचा," रोझलिन म्हणाली.

"आधी कोणाचा म्हणालीस?"

"तुझा."

"मग?"

रोझलिननं आभाळाकडे बघितलं. "मग चुकले मी."

"आवाज आपटून येतो की नाही?"

"येतो, बाबा. पत्र्यावर आपटून येतो."

क्लेम उठला, टोपी नीट केली, आमच्या दोघींच्या आधी माझ्या स्वयंपाकघरात शिरला आणि न करपलेले सगळे बटाटे स्वतःच्या ताटात वाढून घेतले.